९६ पाहिजेत, आले २३

मी रत्नागिरीकडच्या एका गावाचा ग्रामसेवक. गावात मतदार ६४०. ग्रामसभेला कोरम, म्हणजे किमान हजेरी, १५ टक्के किंवा शंभर, यातला कमी आकडा लागतो, म्हणजे ९६. १ मे २०२३ ला झेंडावंदन उरकलं आणि सभेला बसले २३. सात दिवस आधी नोटीस, दवंडी, व्हॉट्सअॅपवर तीनदा आठवण. विषय पाणीटंचाईचा, टाकी कोरडी! अर्धा तास थांबून 'तहकूब' लिहिलं.

अशा वेळी रजिस्टर वाडीवाडीत फिरवून सह्या गोळा करणारे आहेत. जुन्या रजिस्टरात मी एकाच वळणाच्या बारा सह्या पाहिल्यात, त्यातला एक माणूस तर आधीच मयत. मी ते करत नाही. मग वरून ऐकायचं, "कोरम दाखवायला तुमचं काय जातं?"

त्याच रात्री सहाणेवर, म्हणजे पालखीच्या चौथऱ्यावर, गावकीची मीटिंग. गावकी म्हणजे गावकरांच्या, गावच्या मानाच्या प्रमुखांच्या, शब्दावर चालणारी जुनी गावपंचायत. मुंबईकर आलेले, दीडशेच्या वर पुरुष. नोटीस नाही, कोरम नाही. मोटार दुरुस्तीला घरटी पाचशे, चुकवेल त्याला दंड. वीस मिनिटांत ठरलं आणि अर्ध्यांनी जागेवर जीपे केलं. यातल्याच लोकांकडे मी सात महिने पाणीपट्टी मागतोय.

१९९३ ला ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली, ग्रामसभा घटनेत जाऊन बसली. गावकी कुठल्याच कायद्यात नाही. आणि वर जिल्हा परिषदेत तेव्हा मार्च २०२२ पासून प्रशासक होता. घटना म्हणते, मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या. तिथे सदस्य नाहीत याची गावात कुणी साधी चौकशी केली नाही, हे मला २३ च्या आकड्यापेक्षा जास्त लागलं.

पण सहाणेवर बायका नव्हत्या. खालच्या वाडीला तर बोलावणंच नव्हतं; ती घरं गावकीत धरत नाहीत.

तहकूब सभेला कोरम लागत नाही. आठ दिवसांनी १९ जण आले. खालच्या वाडीतल्या एक काकू उभ्या राहिल्या, "मोटार चालू झाली, आमच्या नळाला पाणी का सोडत नाय?" विषय अजेंड्यावरचाच. सूचक त्या, अनुमोदक त्यांची जाऊ. सरपंच गावकीतले, पण विरोध कुणी केला नाही. ठराव झाला.

दुसऱ्या दिवशी काकू नक्कल न्यायला आल्या. चार घड्या घालून कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला. एक प्रत मी पाणी सोडणाऱ्या शिपायाला दिली. पगार त्याला ग्रामपंचायतीचा. त्यानं ती उलटसुलट बघितली.

"भाऊसाहेब, गावकरांना विचारलंत ना?"