तिसऱ्या सिलिंडरची सीट

कोल्हापुरातील उद्यमनगरात जुन्या गाड्यांची इंजिने उघडण्याचे काम मी गेली सव्वीस वर्षे करतो आहे. ‘पेट्रोलमध्ये कोणते ॲडिटिव्ह टाकू?’ हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो. गेल्या हिवाळ्यापर्यंत मी त्याचे उत्तर विशेष विचार न करता देत असे.

गाडी १९७२ची मार्क टू ॲम्बेसिडर. तिचे मालक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. आम्ही सारे त्यांना काका म्हणतो. टायरच्या हवेपासून ऑइलपर्यंत प्रत्येक गोष्ट ते वहीत लिहून ठेवतात. तक्रार एवढीच होती की सकाळी गाडी उशिरा सुरू होते आणि तापल्यावर मिसिंग मारते. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये प्लग, पॉइंट, कंडेन्सर असे सगळे बदलून झाले होते. टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा आणि त्याला दाबून उघडणारा रॉकर यांच्यातले अंतर, मोजायला फीलर गेज (पातळ पात्यांचे माप) मात्र कोणी लावला नव्हता. हल्लीच्या पोरांना गेज धरण्याचा कंटाळा येतो, आवाजावर काम भागवतात. या इंजिनात टॅपेटची फट पंधरा थाऊ, म्हणजे इंचाच्या हजार भागांपैकी पंधरा भाग, असावी लागते आणि दिवाळीत मी स्वतः ती तेवढी लावली होती. तीन महिन्यांनंतर तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हला, चार थाऊचे पातेही जेमतेम शिरत होते.

झीज झाली की फट वाढते आणि टॅपेट वाजू लागते, असा लोकांचा समज असतो. येथे उलटे घडते. सीट, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना ज्या कडेवर बसतो ती जागा, झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, वर सरकतो, त्याचा दांडा रॉकरला टेकू लागतो, फट मिटत जाते आणि इंजिन आधीपेक्षा शांत वाटते. काकाही ‘आवाज छान बसलाय’ म्हणून खूश होते. वाजणाऱ्या टॅपेटपेक्षा मला गप्प झालेल्या टॅपेटची भीती अधिक वाटते.

हेड काढून बाकावर उलटे ठेवले. या इंजिनाचे हेड बिडाचे असून सीट वेगळी बसवलेली नसते, बिडातच कापलेली असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचा धूर एकाच सामाईक वाटेने बाहेर पडत असल्यामुळे उष्णता तेथे सर्वाधिक साठते. पहिली आणि चौथी सीट ठीक होती, दुसरी किंचित बसलेली होती, तर तिसरी शेजारणीपेक्षा चांगली पाऊण मिलिमीटर आत गेली होती आणि तिच्या कडेवर खरखरीत खड्डे होते. पूर्वी पेट्रोलमधील शिशाचा सूक्ष्म थर सीटवर बसत असे आणि तापलेला व्हॉल्व्ह बिडाला चिकटून त्याचे कण उपटण्याचा प्रकार त्यामुळे टळत असे. फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. हवेसाठी आणि लहान मुलांसाठी ते योग्यच झाले, पण हा थर गेला. त्याच्या जागी पोटॅशियम किंवा मँगनीजची संयुगे असलेली द्रव्ये वापरता येतात.

मी काकांना म्हणालो, “काका, मी सांगितलेले ॲडिटिव्ह तुम्ही टाकत नव्हता.” ते काहीच बोलले नाहीत, त्यांनी वही उघडून माझ्यापुढे सरकवली. प्रत्येक टाकी, प्रत्येक तारीख, प्रत्येक माप. एकही खाडा नव्हता. मग डिकीतून त्यांनी बाटली आणून दिली. चष्मा लावून मी बारीक अक्षरांतील मजकूर प्रथमच वाचला. ते इंजेक्टर, म्हणजे नव्या गाड्यांत पेट्रोल फवारणारा भाग, साफ करण्याचे द्रव्य होते. ज्या गाडीत इंजेक्टरच नाही, तिच्या टाकीत ते दोन वर्षे इमानेइतबारे ओतले जात होते. दुकानदाराने हाताला लागली ती बाटली दिली हे खरे. पण माझ्या चिठ्ठीवर ‘ॲडिटिव्ह’ एवढाच शब्द होता, आणि ती चिठ्ठी काकांनी वहीत जपून ठेवली होती.

मग योग्य बाटली असती तर सीट वाचली असती का? येथेच मी अडकतो. ही गाडी वीस वर्षे शिशाविना, कोणत्याही बाटलीविना, भाजी मंडई आणि जोतिबापर्यंत आरामात फिरली आणि तिला काही झाले नाही. मुलाची बदली पुण्याला झाल्यापासून काका महिन्यातून दोनदा महामार्गाने ऐंशी-नव्वदच्या वेगाने जाऊ लागले. त्यात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे कार्ब्युरेटरच्या जुन्याच जेटवर, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या छिद्रावर, मिश्रण सुमारे सात टक्क्यांनी पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आणि व्हॉल्व्ह अधिक तापतो. जेट बदलून मिश्रण जाड करणे हे माझे काम होते. अर्ध्या दिवसाच्या त्या कामाऐवजी मी बाटली सुचवली, कारण बाटली सांगायला अर्धा मिनिट पुरतो. शिशाच्या बदली द्रव्याने थोडा आधार दिला असता, असे मी मानतो. किती, ते या एका हेडवरून सांगता येत नाही. ऑक्टेन वाढवणाऱ्या बाटल्यांबद्दल मात्र मला शंका नाही. इतक्या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाला त्यांचा उपयोग शून्य.

शेजारच्या मशीन शॉपमध्ये चारही एक्झॉस्टला कठीण पोलादाच्या वेगळ्या सीट (इन्सर्ट) बसवून घेतल्या, मोठा जेट घातला आणि पेट्रोल पंपाचा फुगून मऊ झालेला पडदाही (डायफ्राम) बदलला. सीटसाठी आता बाटलीची गरज उरली नाही. पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तरच टाकीसाठी गंजरोधक द्रव्य टाकावे, असे मी सांगितले आणि या वेळी ते कशासाठी व किती, हे चिठ्ठीवर पूर्ण लिहिले. मजुरी मी घेतली नाही. काकांनी इन्सर्टचे पैसे मात्र आग्रहाने दिले.

निघताना त्यांनी वहीत तारीख, ‘हेड उघडले’ आणि खर्च लिहिला. कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिले. “इंधन लिहू, वेग लिहू, की बाटली?” मी म्हणालो, “तूर्त कोरे ठेवा.” परवा ते ऑइल बदलायला आले, तेव्हा तो रकाना तसाच होता.