मेरिव्हेलच्या माळावरील दगडांच्या रांगा

इंग्लंडच्या नैऋत्येला, डेव्हन परगण्यात, डार्टमूर नावाचे विस्तीर्ण माळरान आहे. चढून वर गेले की हळूहळू झाडे संपतात, शेते संपतात, आणि मग उरते ते खुरटे गवत, ओल धरून बसलेली काळी माती, मोकळी सोडलेली मेंढरे व तट्टे, आणि टेकड्यांच्या माथ्यावर उघडे पडलेले ग्रॅनाइटचे सुळके. या एका माळावर प्रागैतिहासिक माणसांनी ओळीने उभ्या केलेल्या दगडांच्या सत्तरहून अधिक रांगा आहेत. त्यांतली अर्म नदीच्या वरच्या खोऱ्यातील रांग तर तीन किलोमीटरहून लांब आहे. माझी भाची प्लिमथला राहते. तिच्याकडे गेले असताना मेरिव्हेल येथील रांगा पाहण्याचा योग आला आणि बेलापूरला परतल्यावरही त्या मनातून जाईनात, म्हणून त्यांच्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

टॅव्हिस्टॉक आणि प्रिन्सटाउन या गावांना जोडणारा रस्ता जिथे माळ ओलांडतो, तिथे रस्त्याच्या दक्षिणेला या रांगा आहेत. दोन रांगा, आणि दोन्ही दुहेरी. म्हणजे प्रत्येक रांगेत दगडांच्या दोन ओळी साधारण एक मीटरचे अंतर ठेवून समोरासमोर बसलेल्या पंगतीसारख्या पूर्व-पश्चिम गेलेल्या आहेत. उत्तरेकडची रांग सुमारे 180 मीटर लांब आहे आणि दक्षिणेकडची सुमारे 260 मीटर. पूर्वेच्या टोकाला इतरांपेक्षा मोठा, त्रिकोणी दगड वाट अडवल्यासारखा उभा आहे. दोन रांगांच्या मधून पाण्याचा एक पाट वाहतो, पण तो फार नंतरच्या काळातला आहे. या रांगा इसवी सनापूर्वी सुमारे 2500 ते 1500 या काळातल्या मानल्या जातात. डार्टमूरवरच कट हिल नावाच्या उंच टेकडीवर पीटमध्ये, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या ओल्या थरात, आडवे पडलेले मोठे दगड सापडले. त्या पीटचे कार्बनमापन झाल्यावर ती रांग याहूनही सुमारे हजार वर्षे जुनी निघाली. तेव्हा रांग मांडण्याची ही रीत एका पिढीची किंवा एका राजवटीची नव्हे, हे नक्की.

छायाचित्रांतून एक गोष्ट मुळीच कळत नाही, ती म्हणजे हे दगड किती लहान आहेत. बहुतेक दगड माझ्या गुडघ्याच्याही खाली होते. प्रचंड शिळा पाहण्याच्या तयारीने गेलेला माणूस क्षणभर हिरमुसतो. मी एका दगडाजवळ उकिडवी बसून तो नीट पाहिला. वरचा भाग राखाडी आणि फिकट हिरव्या दगडफुलाने भरलेला होता. हात फिरवला तर ग्रॅनाइटचे टपोरे स्फटिक बोटांना खरखरीत लागत होते. दगडाभोवती वीतभर खोल खळगा पडून त्यात पाणी साचले होते. मेंढरे अंग घासण्यासाठी दगडाभोवती फिरतात, त्यांच्या खुरांनी गवत उखडते आणि माती झिजून असा खळगा होतो, हे भाचीने सांगितले. मग पुढच्या दगडाशी तसाच खळगा, त्याच्या पुढच्याशीही तसाच. चार हजार वर्षे उभा असलेला दगड मुळाशी असा हलका होत जातो, हे त्याच्याजवळ बसल्याशिवाय लक्षात आले नसते.

दक्षिणेकडच्या रांगेच्या साधारण मध्यावर दगडांचे एक लहान वर्तुळ आहे आणि त्याच्या आत दगडगोट्यांच्या राशीचा उरलेला भाग. ही मृताच्या जागेवर रचलेली रास. डार्टमूरवर अशी रास सहसा रांगेच्या टोकाला असते, म्हणजे रांग चालत गेलेला माणूस राशीपाशी पोहोचतो. मेरिव्हेलला ती मधोमध आहे. रांग आधी की रास आधी, आणि एकीत दुसरी नंतर सामावून घेतली की काय, असा विचार त्या ठिकाणी उभे राहिले की आपोआप येतो. मला स्वतःला असे वाटते की ही रांग एकाच वेळी, एका आखणीने पुरी झालेली नाही. तिच्या ओळी किंचित वाकतात, दगडांच्या आकारात मेळ नाही, आणि दोन रांगा एकमेकींना समांतर वाटल्या तरी तशा त्या नाहीत. वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या हातांनी दगड आणून पुढे लावत नेलेले असावेत.

रांगेच्या दक्षिणेला थोड्या अंतरावर एक दगडी थडगे आहे. चार बाजूंना शिळा उभ्या करून केलेली पेटी आणि वर झाकण म्हणून एक मोठी सपाट शिळा. या झाकणाच्या मधला पट्टाच नाहीसा झालेला आहे; दोन्ही बाजूंचे तुकडे जागच्या जागी आहेत आणि मधल्या सरळ फटीतून खालची रिकामी पेटी दिसते. 1860 च्या सुमारास कोणीतरी या शिळेतून फाटकाचा खांब कापून नेला. डार्टमूरवर शेताच्या फाटकाला ग्रॅनाइटचेच खांब लावत, आणि त्याला पाच-सहा फूट लांबीचा सरळ दगड हवा असे. तसा तो इथे आयता मिळाला. पुढे 1895 साली या पेटीत एक गारगोटीची तासणी आणि धार लावण्याचा एक दगड सापडला. हाड मात्र नाही, कारण तिथली माती इतकी आम्लधर्मी आहे की हाडे विरघळून जातात.

त्या थडग्यापाशी उभे असताना मला या जागेचे मर्म कळले असे वाटते. रांगेतले शेकडो दगड वाचले, कारण त्यातला एकही दगड खांबाच्या लांबीचा नव्हता. ज्या शिळेला किंमत होती ती गेली. ज्यांना काही किंमत नव्हती ते राहिले. माळाची जमीन नांगराला फारशी उपयोगाची नव्हती, हवा कठोर होती, म्हणून उपटून बाजूला टाकण्याइतकेही ते कोणाला आड आले नाहीत. रांगांपासून नजर वर केली की रस्त्यापलीकडे मेरिव्हेलची दगडखाण दिसते. ती 1876 साली सुरू झाली आणि 1997 पर्यंत चालली. एवढी मोठी खाण सव्वाशे वर्षे इतक्या जवळ चालूनही रांगा शाबूत आहेत, याचे कारणही तेच असावे: खाणीला अखंड मोठा कातळ हवा होता, गुडघ्याएवढे सुटे दगड नव्हे.

आम्हा नवी मुंबईकरांना दगडखाण म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पारसिकच्या डोंगररांगेत वर्षानुवर्षे खाणी चालल्या. डोंगराच्या उभ्या कापलेल्या बाजू आजही गाडीतून जाताना दिसतात. उलव्याचा डोंगर विमानतळासाठी सुरुंग लावून उतरवला गेला. ज्या इमारतीत बसून मी हे लिहीत आहे तिच्या काँक्रीटमधली खडीही कुठल्यातरी डोंगरातूनच आलेली आहे, हे मी विसरत नाही. पण डार्टमूरच्या पाथरवटाच्या आणि आजच्या क्रशरच्या कामात एक मोठा फरक आहे. पाथरवट दगड पारखून घेत असे. टाकीने भोके पाडून, त्यात पाचर मारून तो हवा तेवढाच तुकडा काढी आणि बाकीचे तिथेच सोडून देई. क्रशरच्या जबड्याला कोणताही दगड चालतो. मोठा असेल तर फोडून, लहान असेल तर तसाच. खडी नाही तर कच, कच नाही तर दगडी भुकटी. लहानपणाने दगड वाचतो हा मेरिव्हेलचा न्याय यंत्राने पुरता संपवला आहे.

बेलापूरला आमच्या सकाळच्या फिरण्यात शेजारचे काका असतात. इतिहासाची त्यांना मनापासून आवड. छायाचित्रे पाहून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अगं, हे आपल्या वीरगळांसारखेच ना?" मी म्हटले, "काका, वीरगळ आपल्याशी बोलतो. हे दगड काहीच सांगत नाहीत." बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे, वीर पडलेला आहे, वर तो स्वर्गात पूजेला बसलेला आहे. कोरीव कामातून कथा कळते, वेशभूषा कळते, शस्त्रे कळतात. मेरिव्हेलच्या दगडांवर एकही चिन्ह नाही. जे काही कळायचे ते त्यांच्या जागेवरून, एकमेकांमधल्या अंतरावरून आणि दिशेवरून कळायचे. म्हणूनच वीरगळ हलवून संग्रहालयात ठेवला तर त्याचे बरेचसे मोल टिकते. या रांगेतला दगड दहा हात बाजूला नेला तर तो नुसता धोंडा होतो.

दिशेवरून आठवले. सर नॉर्मन लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाचे नाव कोकणात माहीत आहे, कारण 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाचे निरीक्षण करण्यासाठी ते विजयदुर्ग किल्ल्यावर आले होते. हेलियमच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे तेच हे लॉकियर. विजयदुर्गनंतर काही वर्षांनी त्यांनी ब्रिटनमधल्या प्राचीन शिळांच्या दिशा मोजायला घेतल्या, आणि मेरिव्हेलच्या रांगा कृत्तिकांच्या उदयाकडे रोखलेल्या आहेत असे मत मांडले. कृत्तिका म्हटल्यावर आपल्या मनात लगेच आपुलकी जागी होते, हे मी मान्य करते. तरीही मला हे मत पटत नाही. आकाशातली एक दिशा धरून ठेवायला दोन शिळा पुरतात. त्यासाठी 260 मीटर लांब, किंचित वाकत जाणारी, शेकडो दगडांची दुहेरी ओळ कशाला हवी? रांगेच्या बाजूने सावकाश चालत गेले की पायांना जे जाणवते ते मला अधिक विश्वासार्ह वाटते. चालण्याचा वेग आपोआप दगडांच्या अंतराशी जुळतो आणि ती रास दिसू लागते तेव्हा आपण तिच्या जवळ आलेलो असतो. मृताकडे जाण्याची वाट मृताच्या जागेपेक्षा कितीतरी पट मोठी बांधलेली आहे, ही गोष्ट मला कृत्तिकांपेक्षा मोलाची वाटते.

त्या वाटेने ज्यांना नेले ते लोक कसे होते, याची कल्पना मेरिव्हेलच्या रिकाम्या पेटीवरून येत नाही. ती येते व्हाइटहॉर्स हिल या डार्टमूरच्या उत्तर भागातल्या टेकडीवरून. तिथे पीटमध्ये गाडलेली अशीच एक दगडी पेटी 2011 साली उघडण्यात आली. पाण्याने भिजलेल्या पीटमध्ये हवा पोहोचत नाही, म्हणून एरवी कुजून जाणाऱ्या वस्तू तिथे टिकल्या होत्या. दहन केलेल्या एका तरुण व्यक्तीची हाडे अस्वलाच्या कातड्यात गुंडाळलेली होती. सोबत विणलेली टोपली, वासराच्या चामड्याची किनार लावलेला वस्त्राचा पट्टा, कानात घालायच्या लाकडी कुड्या आणि दोनशेहून अधिक मणी होते. त्यांत अंबरचे, म्हणजे झाडाच्या अश्मीभूत राळेचे मणी होते आणि कथिलाचा एक मणीही. कथिल त्या भागातच मिळते, अंबर मात्र फार दूरवरून आलेले. या एका पेटीमुळे बाकीच्या शेकडो रिकाम्या पेट्यांकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. त्या रिकाम्या नव्हत्याच. मातीने त्यांतले सगळे खाऊन टाकले एवढेच.

एक गोष्ट नोंदवायला हवी. आज डार्टमूरवर उभे दिसणारे सगळेच दगड मुळापासून तसेच उभे नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सॅबिन बॅरिंग-गूल्ड हे पाद्री-लेखक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक ठिकाणी उत्खनन केले आणि पडलेले दगड पुन्हा उभे केले. त्यांची आस्था खरी होती, पण आजच्या काटेकोरपणाने नोंदी ठेवण्याचा तो काळ नव्हता. मोडक्या अवस्थेतली रांग मला दुरुस्त केलेल्या रांगेपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते.

आपल्या महाराष्ट्रात दगडी राशींची दफने पाहायची तर विदर्भात जावे लागते. नागपूरजवळ काटोल रस्त्यावर जुनापाणी येथे सुमारे 300 शिळावर्तुळे आहेत: भोवती मोठमोठ्या धोंड्यांचे कडे आणि आत दगडगोट्यांची भर. ही लोहयुगातली, म्हणजे मेरिव्हेलपेक्षा निदान पाचशे वर्षांनी अलीकडची. 1879 साली रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यांच्याविषयी लिहिले. जवळच माहुरझरी येथे डेक्कन कॉलेजचे डॉ. शां. भा. देव यांनी 1970 च्या दशकात उत्खनन केले, तेव्हा माणसांबरोबर पुरलेले घोडे आणि त्यांच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकार सापडले. जुनापाणीला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संरक्षण आहे, परंतु विदर्भातली कितीतरी वर्तुळे शेतांत, मुरमाड पडिकांत विखुरलेली आहेत, आणि तिथला काळा दगड फोडून वापरता येईल असाच आहे. येत्या हिवाळ्यात काकांना घेऊन जुनापाणीला जायचे आम्ही ठरवले आहे. तिथल्या काही धोंड्यांवर ओळीने कोरलेले वाटीएवढे खळगे आहेत. ते उथळ असल्यामुळे दुपारच्या उन्हात नजरेतून सुटतात. म्हणून जाणाऱ्यांनी सकाळी लवकर, ऊन तिरपे असतानाच तिथे पोहोचावे.