गोळ्यांची स्ट्रिप उलटी करून वाचा ना राव

गोळीचं नाव गूगलवर टाकलं की साइड इफेक्ट्सची एवढी लांब यादी येते की माणूस ती वाचूनच अर्धा आजारी पडतो. मी तर म्हणतो आधी स्ट्रिप बघा, ब्रँडचं नाव सोडा, आत कोणतं औषध आहे अन् किती एमजी ते वाचा.

आमची नागपूरच्या महाल भागातली मामी. गुडघ्याचे डॉक्टर धंतोलीत, बीपीचे रामदासपेठेत, दोघांनीही ॲसिडिटीची गोळी लिहून दिलेली. एका स्ट्रिपवर पॅन्टोप्राझोल ४०, दुसरीवर पॅन्टोप्राझोल ४० अन् सोबत मळमळीचं डोमपेरिडोन. नावं वेगळी, रंग वेगळा, म्हणून मामी रोज सकाळी उपाशीपोटी दोन्ही गिळून रायली होती. आपल्या मनानं काही बंद केलं नाही, दोन्ही स्ट्रिपा डॉक्टरला दाखवल्या, त्यांनी एक काढून टाकली. दोष कोणाचा म्हणायचा, दोघांपैकी एकालाही दुसऱ्याची चिठ्ठी दाखवलीच नव्हती ना.

तापात तर हे घरोघरी होते. डोलो ६५० म्हणजे पॅरासिटामॉल, अन् अंग दुखते म्हणून वरून कॉम्बिफ्लाम घेतली तर त्यातही आयबुप्रोफेनसोबत पॅरासिटामॉल ३२५ आहेच, म्हणजे डोस वाढला अन् आपल्याला पत्ताच नाही, अन् जास्तीचं पॅरासिटामॉल लिव्हरला भारी पडते.

नावापुढं एसआर, ईआर असं काही असलं तर ती गोळी पोटात हळूहळू औषध सोडते. म्हाताऱ्या माणसाला गिळवत नाही म्हणून खलबत्त्यात कुटून द्यायची नाही, सगळं औषध एकदमच सुटते. डॉक्टरला विचारा, बरेचदा दुसरा पर्याय मिळते.

मेडिकलवाले चार गोळ्या कैचीनं कापून देतात तेव्हा माझं डोकं फिरते. नाव एका तुकड्यावर, एक्सपायरी दुसऱ्यावर, आपल्या हातात नुसता चांदीचा कागद. कापायच्या आधीच मोबाइलमध्ये फोटो काढून घ्या, लाजायचं काय त्यात.

१ ऑगस्ट २०२३ पासून ३०० मोठ्या ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा आहे, स्कॅन केला की बॅच, कंपनी, एक्सपायरी दिसते. पण गोळी जेवणाआधी की नंतर, हे त्यात नसते, ते डॉक्टर नाहीतर फार्मासिस्टलाच विचारा, काउंटरवरच्या पोराला नाही. अन् औषध घेतल्यावर अंगावर पुरळ, चक्कर असं काही झालं तर डॉक्टरला तर सांगाच, पण १८००-१८०-३०२४ या सरकारी टोल फ्री नंबरवरही नोंदवता येते, फक्त डॉक्टरच नाही, पेशंटही नोंदवू शकतो.