तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे खून सुचतात कुठून?

लग्नात, एसटीत, दाढी करताना न्हाव्याकडे, सगळीकडे हाच प्रश्न. मी क्राइम सिरीयलचे एपिसोड लिहितो हो, खून करत नाही. आणि मीही दरवेळी तेच ठोकून देतो, रिसर्च करतो म्हणून. ते खोटं नाहीये. क्लोरोफॉर्मच्या रुमालाने माणूस दोन सेकंदांत आडवा होत नाही, मिनिटं लागतात. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, जुन्या पुरावा कायद्यात कलम 25, जुलै 2024 पासून नव्यात 23, त्यामुळे माझा आरोपी ठाण्यात रडून सगळं ओकला तरी मी त्याला पंचांसमोर हत्यार काढून द्यायला लावतो. पण याने फक्त वकील मंडळी गप्प बसतात. खरं वाटणं वेगळंच. जोशी-अभ्यंकर प्रकरण, 1976-77, पुण्यात कॉलेजच्या पोरांनी केलेले 10 खून, मी मनाने लिहून दिलं असतं तर ‘मोटिव्ह वीक आहे’ म्हणून परत आलं असतं.

माझा गाजलेला एपिसोड म्हणजे दोन भाऊ, सामाईक विहीर, मोटरच्या पाळीवरून भांडण. तीन फेजची लाइट रात्रीची, म्हणून दारं धरायलाही, म्हणजे पाणी एकेका वाफ्यात वळवायलाही, रात्रीच जायचं. धाकटा थोरल्याच्या डोक्यात खोरं घालतो आणि पळत नाही, वाफा भरेपर्यंत उभा राहतो, दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात घेतो, सगळं रान भिजल्यावर मोटर बंद करतो. चॅनेलवाले म्हणाले, कसं काय सुचलं सर!

सुचलं नव्हतं. आमच्या काकांनी केलं होतं ते. भाऊ वाचला, विहिरीच्या पायरीवरून घसरला असं गावात सांगितलं, केस झालीच नाही. काकांनीच मला एकदा पाणी भरताना सांगितलेलं. मी लिहिलं ते गेल्यावर, गव्हाचा कांदा केला, जिल्हा बदलला, नावं बदलली, अजून काय करायचं असतं माणसाने?

एपिसोड लागला त्याच रात्री काकूचा फोन. मी शिव्या खायच्या तयारीत.

“दारं मोडल्याचं तुला कुणी सांगितलं रे?”

म्हटलं, काकांनीच.

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाली, “मला वाटायचं एवढं फक्त मलाच सांगितलंय त्यांनी.” आणि फोन ठेवला.

पंचविशीत मी मित्रांना ऐकवायचो, लेखकाला सगळं माफ असतं. आता तसं म्हणवत नाही, पण तो सीन काढला असता का, तर नाही, खोटं कशाला बोलू. मावशीच्या पाटल्यांवरून झालेलं भांडण वहीत टिपून ठेवलंय. मावशी अजून आहे.