दातांमागची तार आणि हिरड्या

ब्रेसेस काढल्या त्याच दिवशी माझ्या खालच्या पुढच्या सहा दातांच्या मागे, एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत, पीळ दिलेली एक बारीक तार चिकटवण्यात आली. पहिले काही दिवस जीभ सारखी तिथेच जात होती आणि 'स' म्हणताना अडखळत होती. आठवड्याभरात ती सरावली. एका दातावरच्या, तार चिकटवणाऱ्या कॉम्पोझिटच्या (दातांत भरायच्या पदार्थाच्या) ठिपक्याची कड मात्र टोचत राहिली, ती शेवटी डॉक्टरांकडून घासून घेतली. हे पाच मिनिटांचे काम असते, म्हणून असा त्रास कोणीही सोसत बसू नये.

तार काढून टाकावी असे मला खरोखर वाटले ते दोन वर्षांनी, ब्रश करताना रक्त येऊ लागले तेव्हा. डॉक्टरांनी छोट्या आरशात दाखवले, तर तार आणि हिरडी यांच्या मधोमध पिवळट कीटणाची सलग पट्टी बसलेली होती आणि तिच्या खालची हिरडी लालसर, फुगलेली दिसत होती. जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडे याच दातांच्या मागे उघडतात. लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेटमुळे दातांवरचा मऊ थर तिथे लवकर कडक होतो, आणि तारेच्या आडोशाला ब्रशचे केस नीट पोहोचत नाहीत. म्हणजे हिरडी सुजली होती ती तारेमुळे नव्हे, तर तिच्याखाली साचलेल्या थरामुळे. स्केलिंगनंतर, म्हणजे डॉक्टरांनी कीटण खरवडून काढल्यावर, मी रोज रात्री फ्लॉसचे (दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्याचे) ताठ टोक तारेखालून, दोन दातांच्या फटीतून ओवून प्रत्येक दाताची बाजू हिरडीपर्यंत घासू लागले. सुरुवातीला यात दहा मिनिटे जात, बोटे घसरत. पण दोन-तीन आठवड्यांत रक्त थांबले.

तार ठेवण्याचे कारणही मला तेव्हाच नीट समजले. दाताला धरून ठेवणारे हिरडीतील तंतू नव्या जागेशी जुळायला वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ घेतात, आणि तोवर ते दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात.

मला अधिक काळजी वाटते ती तारेतच बिघाड होण्याची. एखादा ठिपका सुटला तरी बाकीचे ठिपके तार धरून ठेवतात, त्यामुळे काही दुखत नाही आणि तो दात मात्र हळूहळू सरकतो. क्वचित, सगळे ठिपके शाबूत असूनही तारेत उरलेल्या ताणामुळे एखाद्या दाताचे मूळ ओठाच्या बाजूला ढकलले जाते आणि तिथली हिरडी खाली उतरते. एकच दात शेजारच्यापेक्षा लांब किंवा कललेला दिसू लागला, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता ऑर्थोडॉन्टिस्टला (दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवावे.

आता दर सहा महिन्यांनी स्केलिंगच्या वेळी मी प्रत्येक ठिपका तपासून घेते. मागच्या खेपेस डाव्या सुळ्यावरचा ठिपका सुटलेला निघाला. मला त्याची जराही जाणीव झाली नव्हती.