केस धुण्याच्या दिवसाचे चार तास

सरकारी रुग्णालयात परिचारिका असलेल्या एक ताई हडपसरच्या आमच्या सलूनमध्ये आल्या, त्या केस रसायनाने सरळ करून घ्यायचे हे पक्के ठरवूनच. कुरळे केस त्यांना नकोसे झाले होते असे नाही, पण पाळीच्या नोकरीत आठवड्याची एकच सुटी मिळते आणि तिच्यातले चार तास केस धुण्यात आणि आवरण्यात जातात, ही त्यांची खरी तक्रार होती. “केस सुंदर दिसावेत अशी माझी अपेक्षाच नाही, ताई, सुटीचा दिवस मोकळा मिळाला तरी पुरे,” असे त्या म्हणाल्या.

केस सरळ करण्याच्या कामातून सलूनला चांगले उत्पन्न मिळते, तरीही त्यांना होकार द्यावासा मला वाटला नाही. या प्रक्रियेत केसांतील गंधकाचे बंध तोडून ते नव्या आकारात पुन्हा जोडले जातात. पण मुळाशी उगवणारा केस कुरळाच असतो. महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढ धरली, तर चार महिन्यांत वर दोन-अडीच बोटे कुरळे आणि खाली सपाट असे डोके सांभाळावे लागते, आणि त्यात आणखीच वेळ जातो. म्हणून मी सुचवले, “सिस्टर, आज आपण घड्याळ लावून केस फक्त धुऊ आणि बसवू. तरीही चार तास लागतात असे दिसले, तर सरळ करण्याविषयी पुढच्या आठवड्यात बोलू.” त्यांनी मान्य केले.

घरी त्या नेमके काय करतात, ते मी आधी बारकाईने विचारून घेतले. आदल्या रात्री भरपूर तेल, सकाळी ते निघावे म्हणून दोन-तीन वेळा शांपू, मग डोक्याला जाड टॉवेल गुंडाळून स्वयंपाक, आणि केस अर्धवट वाळल्यावर गुंता सोडवायला बसायचे. तासभर कंगवा चालवल्यावर केस पिंजारायचे, म्हणून ते पुन्हा ओले करून क्रीम लावायचे आणि वाळण्याची वाट पाहायची. ऐकतानाच लक्षात आले की या क्रमातली प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचे काम वाढवून ठेवते.

त्यांचे केस कोरडे असतानाच मी हाताने तपासले. टाळूजवळ सैल लाटा होत्या, तर मानेवर आणि कानांमागे पेन्सिलीएवढी घट्ट वळणे होती. केस करकरीत आणि निस्तेज लागत होते. पाण्याचा फवारा मारला तर पाणी चटकन मुरत नव्हते. त्यांच्या सोसायटीला बोअरवेलचे आणि टँकरचे पाणी येते, नळाच्या तोंडाशी पांढरा थर जमतो आणि साबणाला फेस येत नाही, असे त्यांनी सांगितले. ही जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्याची लक्षणे. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसांवर साचत जातात, आणि अशा केसांवर कितीही महागडे क्रीम चोळले तरी ते राठच राहतात.

त्यामुळे सुरुवात क्षार धरून ठेवणारा ईडीटीए हा घटक असलेल्या शांपूने केली. तो फक्त टाळूला बोटांच्या पेरांनी लावला, काही मिनिटे राहू दिला आणि धुताना ओघळणाऱ्या फेसानेच केसांची लांबी स्वच्छ होऊ दिली. मग भरपूर कंडिशनर लावले आणि गुंता तिथेच, बेसिनपाशी, केसांतून पाणी निथळत असताना सोडवला. कंडिशनरमधील धनभारित घटक केसाच्या ऋणभारित, झिजलेल्या जागांना चिकटतात आणि केस एकमेकांवरून घसरू लागतात. अर्थात ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून बोटांनी आणि मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून मुळांकडे जायचे. घरी ज्याला तास लागत होता, ते काम दहा मिनिटांच्या आत संपले.

यानंतरचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि बहुतेक घरांत तोच चुकतो. केस टॉवेलने पुसले नाहीत. पाणी टपकत असतानाच, मान खाली घालायला सांगून, थोडे लीव्ह-इन (न धुता केसांतच राहू द्यायचे कंडिशनर) आणि त्यावर जेल लावले. पाण्याच्या ओलाव्याने शेजारचे केस एकमेकांना धरून एक बट बनवतात; टॉवेलने ते पाणी काढून घेतले की बट मोडते आणि एकेक केस सुटा होऊन पिंजारतो. शिवाय ओल्या केसांतले हायड्रोजन बंध सुटलेले असतात आणि वाळताना ते पुन्हा जुळतात. ज्या आकारात केस वाळतो तोच आकार बहुतांशी पुढच्या धुण्यापर्यंत टिकतो; म्हणून जेलची वेळ वाळण्याच्या अगोदरची.

जेल लावण्यासाठी केसांचे चारच भाग केले. ब्रशने एकेक बट वळवत बसण्याची पद्धत सध्या फार लोकप्रिय आहे आणि तिचे रूप देखणे येते यात शंका नाही, पण दाट केसांवर तिला पाऊण तास सहज लागतो. नोकरी करणाऱ्या बाईकडून दर आठवड्याला तशी अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते. ब्रश मी फक्त कपाळाजवळच्या आणि भांगाच्या दोन्ही बाजूंच्या केसांना लावला, बाकीचे बोटांनी विंचरून मुठीत धरून मुळांकडे दाबले. मग डोके जुन्या सुती टी-शर्टात सैल बांधले आणि पंधरा मिनिटे त्यांना चहा पिऊ दिला. घरी एवढ्या वेळात डबा भरून होतो, हे त्यांनीच बोलून दाखवले.

वाळवताना डिफ्यूझर, म्हणजे हवेचा झोत पसरवणारे ड्रायरचे तोंड, मध्यम उष्णतेवर, आधी केसांना न टेकवता फिरवला. त्यांचा हात पुन्हा पुन्हा केसांकडे जात होता आणि मला तो दर वेळी थांबवावा लागत होता, कारण अर्धवट वाळलेल्या बटांना लागलेला हातसुद्धा त्या फोडतो. काही वेळाने जेल कडक झाले आणि आरशात पाहून त्या घाबरल्या. केस वाळत घातलेल्या शेवयांसारखे ताठ झाले होते. ते कवच बट वाळेपर्यंत सांभाळण्यासाठीच असते, हे मी समजावले. पूर्ण वाळल्यावर तळहाताला तेलाचे दोन थेंब चोळून केस मुठीत दाबले, कवच मोडले आणि बटा मऊ होऊन खांद्यावर उतरल्या. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “असे केस माझे शाळेत होते.”

घड्याळात एक तास वीस मिनिटे झाली होती, आणि हातांचे प्रत्यक्ष काम त्यातले जेमतेम चाळीस मिनिटांचे होते.

तेलाविषयी त्यांनी काळजीने विचारले. खोबरेल सोडू नका, पण धुण्याआधी तासभर आणि अगदी थोडे, फक्त लांबीवर लावा, असे मी सांगितले. मुंबईतील संशोधकांच्या २००३ च्या अभ्यासात खोबरेल केसाच्या आत शिरून प्रथिनांची झीज कमी करते असे आढळले होते; सूर्यफुलाच्या तेलात आणि खनिज तेलात तो गुण दिसला नव्हता. रात्री झोपताना डोक्यावर सैल बुचडा बांधायचा, सकाळी फक्त मोडलेल्या बटा पाण्याच्या फवाऱ्याने ओल्या करून सारख्या करायच्या आणि वॉर्डात जाण्यापूर्वी अंबाडा घालायचा. रुग्णालयात केस मोकळे सोडता येत नसले तरी असा अंबाडा सोडल्यावर गुंता होत नाही, आणि पुढच्या धुण्याचा वेळ तिथेच वाचतो. क्षार काढणारा शांपू मात्र महिन्यातून एकदाच, कारण तो रोज वापरला तर केस कोरडे पडतात.

पुढच्या सुटीला त्यांचा फोन आला. घरी डिफ्यूझर नसल्याने केस पंख्याखाली वाळायला बराच वेळ लागला, पण तेवढ्यात त्यांनी बाजारहाट उरकला होता. मानेवरच्या बटा तेवढ्या पिंजारल्या होत्या. जेल तिथवर पोहोचत नसणार, म्हणून मागचा भाग दोनाऐवजी तीन हिश्शांत घ्या आणि जेल लावताना तिथे पाण्याची आणखी एक ओंजळ टाका, असे मी त्यांना सांगितले.