मशीन ठणठणीत, पण माइक लावला की घुंऽऽ

ताईंची तक्रार ऐकून मी जरा चक्रावलोच. कॉम्प्युटर हँग होत नाही, तापत नाही, पोराचे गेमही मस्त चालतात. पण माइक लावला की रेकॉर्डिंगमागे सतत 'घुंऽऽ' येतं. त्या घरी बसून गोष्टींचं वाचन रेकॉर्ड करतात. मशीन जोडलेलं त्यांच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने. तो सोबतच आला होता, निदान घेऊन: "काका, पंख्यांची बेअरिंगं गेलीयत. तिन्ही बदलून टाका."

बेअरिंग गेलं की पंखा खरखरतो. हा नुसता वाऱ्याचा आवाज होता, म्हणजे पंखे फुल स्पीडला. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, वेग १२०० आरपीएमच्या (मिनिटाला १२०० फेऱ्यांच्या) आसपास दिसत होता. कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला पंखा किती फिरावा हे ठरवणारी रेषा, खाली ओढला, तरी आकडा हलेना.

मागचा पत्रा काढला. पोराचं वायरिंग बघून खरंच बरं वाटलं, प्रत्येक वायरला टाय. तिन्ही पंखे एका हबमध्ये (बरेच पंखे एकत्र जोडायचा डबा), हबला एसएमपीएसची, म्हणजे पॉवर सप्लायची, साटा वायर आणि तिथून एक वायर बोर्डाच्या फॅन हेडरला, म्हणजे पंखा जोडायच्या पिनांना. आता पंख्यांचे कनेक्टर बघितले: तीन पिनांचे. संपलं की मग!

चार पिनांच्या पंख्याला वेगाचा हुकूम चौथ्या पिनेवरून मिळतो, पीडब्ल्यूएमने, म्हणजे भराभर चालू-बंद होणाऱ्या सिग्नलने. तीन पिनांच्या पंख्याला ती पिनच नाही. त्याचा वेग कमी करायचा तर व्होल्टेजच उतरवावं लागतं. आणि हब तर एसएमपीएसचे सरळ १२ व्होल्ट देणार. बोर्ड कितीही ओरडला तरी ते या पंख्यांच्या कानावर जाणारच नव्हतं. हे हब स्वस्तात मिळतात, सुटसुटीत दिसतात, म्हणून लोक उचलतात. खोक्यावरचं 'पीडब्ल्यूएम' कोण वाचतं?

हब काढला. पुढचे दोन पंखे वाय केबलने (एकाची दोन तोंडं करणारी वायर) एका हेडरवर घेतले, मागचा दुसऱ्यावर. त्याआधी स्टिकर वाचले: प्रत्येकी ०.२५ अँपिअर. हेडर साधारण एक अँपिअरचा असतो, त्यामुळे दोन पंखे आरामात चालतात. वाय केबलच्या एका तोंडाला वेग सांगणारी पिन नसते. पोराला वाटलं केबल डिफेक्टिव्ह आहे. दोन पंख्यांचे सिग्नल एकात मिसळू नयेत म्हणून ती मुद्दामच गाळलेली असते. बायोसमध्ये दोन्ही हेडर डीसी मोडवर, म्हणजे व्होल्टेजने वेग बदलणाऱ्या मोडवर, टाकले आणि किमान पातळी ५५ टक्के ठेवली. त्याहून फार खाली नेलं तर काही पंखे सुरूच होत नाहीत.

घरघर थांबली. पण ब्राउझर उघडला की पंखे एकदम चढायचे आणि लगेच उतरायचे. माझ्या मते हे संथ आवाजापेक्षा वाईट, कान त्याकडेच जातो. प्रोसेसरचं तापमान क्षणात वर जातं आणि कर्व्ह त्याच्यामागे धावतो. म्हणून केसचे पंखे बोर्डाच्या तापमानाला बांधले. ते हळूहळू बदलतं.

झाकण लावण्याआधी सवयीने उदबत्ती फिरवली. पुढून धूर आत गेला, मागच्या पंख्याने तो बाहेर फेकायला हवा, तर तिथेही आतच! जाळीची, चौकटीची बाजू आतल्या अंगाला होती, आणि हवा त्या बाजूनेच बाहेर पडते. चार स्क्रू काढून पंखा फिरवला.

अर्धा तास लोड टाकून बघितला, तापमान आवाक्यात. ताईंनी तिथेच मोबाइलवर मशीनचा आवाज रेकॉर्ड करून ऐकला आणि मान डोलावली.

"काका, हबचं काय करू?"

"ठेव. चार पिनांचे पंखे घेशील तेव्हा लागेल."